बागेतल्या सागवानी बाकांना कुसळं सुटतात, वार्निश टिकत नाही: काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गावच्या बागेत आठ वर्षांपूर्वी बिडाच्या पायांवर सागवानी पट्ट्या ठोकलेले बाक बसवले. देखभाल ज्येष्ठ नागरिक संघाकडे आहे. दर दिवाळीला वार्निशचा हात मारता, तरी पुढच्या पावसाळ्यात पोपडे निघतात आणि पट्ट्या खरखरीत होतात. अलीकडेच एका लहान मुलीच्या मांडीत कुसळ गेलं. आता हे बाक काढून सिमेंटचे बसवा, असा आग्रह सुरू झालाय. लाकूड वाचेल का, आणि वाचत असेल तर नेमकं काय करायचं?

वाचेल, आणि वाचवावंच असं माझं ठाम मत आहे. मी सुतारकामातला माणूस. बागा, शाळा, देवळांची आवारं, दवाखाने अशा ठिकाणचे बाक दुरुस्त करण्यात माझी बरीच वर्षं गेली. सिमेंटचा बाक एप्रिलच्या दुपारी तापला की दिवेलागणीपर्यंत निवत नाही, आणि थंडीतल्या पहाटे त्यावर टेकवत नाही. तुमच्या बागेत पहाटे आणि संध्याकाळी बसायला येतात ती सगळी गुडघे-कंबर दुखणारी माणसं. त्यांच्यासाठी लाकडासारखं दुसरं काही नाही. शिवाय सागाच्या गाभ्याचं लाकूड जमिनीपासून वर ठेवलं, पाणी साचू दिलं नाही, तर उघड्यावर कित्येक दशकं टिकतं. आठ वर्षं म्हणजे त्याचं तरुणपण.

आधी कुसळ येतं कसं ते समजून घ्या, म्हणजे पुढची सगळी कामं आपोआप पटतील. लाकूड म्हणजे लांबट, बारीक तंतूंचा जुडगा. त्यांना एकमेकांशी घट्ट धरून ठेवतं ते लिग्निन. उन्हातले अतिनील किरण पहिला घाव घालतात तो या लिग्निनवर. ते तुटतं, पावसानं धुऊन जातं आणि वर उरतात ते सुटे झालेले करडे तंतू. त्यात लाकूड भिजलं की रुंदीत फुगतं, सुकलं की आक्रसतं. शंभर मिलिमीटर रुंदीची सागवानी पट्टी मे महिन्यापासून जुलैपर्यंत मिलिमीटरभर तरी फुगते, आणि साग हे या बाबतीत गुणी लाकूड आहे, बाकीची याहून जास्त हलतात. या रोजच्या ओढाताणीत सुटे तंतू उभे राहतात, बारीक भेगा पडतात, भेगेच्या कडेचा पातळ ढलपा उचकटतो. तोच मुलीच्या मांडीत गेला. दिलाशाची गोष्ट अशी की हे सगळं वरच्या मिलिमीटरभरात घडतं. खालचं लाकूड ताजं असतं.

आता वार्निश. बागेत जाऊन एक मोठा पोपडा अलगद उचला आणि त्याची आतली बाजू उन्हात धरून बघा. तिच्यावर करडी लव दिसेल. ते लाकडाचेच तंतू. म्हणजे वार्निशनं लाकूड सोडलेलं नाही, वार्निशखालचं लाकूडच सुटलंय. पारदर्शक वार्निशमधून ऊन आरपार जातं आणि आतल्या लिग्निनला खातंच. वरचा पापुद्रा मात्र कडक असतो. खाली लाकूड हललं की तो स्क्रूच्या डोक्याशी, कडेला, सांध्यात केसाएवढा तडकतो. तिथून पाणी आत शिरतं आणि पापुद्र्यामुळे लवकर बाहेर पडत नाही. श्रावणात चार दिवस ऊन पडलं तरी अशी पट्टी आतून ओलीच राहते. तुम्ही दर दिवाळीला त्याच सुटलेल्या थरावर नवा थर चढवत आलात, त्यामुळे नवा हातही जुन्याबरोबरच निघतो. दुकानदारानं कधी मेलामाईन किंवा चपड्याचं पॉलिश दिलं असेल तर आणखीच वाईट. ती दोन्ही घरातल्या फर्निचरची कामं, पावसात ती पांढरी पडतात.

म्हणून चकाकीचा नाद सोडा. उघड्यावरच्या बाकाचा गुळगुळीतपणा तीन गोष्टींनी टिकतो: तंतू धारेनं साफ कापणं, पाणी थांबू न देणं आणि पातळ तेलाचा हात वेळच्या वेळी देणं. यातलं पाण्याचं काम सर्वांत महत्त्वाचं, आणि नेमकं तेच सगळे विसरतात.

सुरुवात तपासणीनं करा. कोरड्या दिवशी कापसाचा एक बोळा घ्या आणि प्रत्येक पट्टीवरून, कडेवरून, हाताच्या टेकणीवरून सावकाश फिरवा, आधी एका दिशेनं, मग उलट. जिथे कापसाचे धागे अडकून राहतील तिथे खडूनं खूण करा. तळहात फिरवून हे काम करू नका. एक तर कुसळ जाईल, आणि दुसरं म्हणजे आपल्यासारख्यांचा निबर हात मुलांच्या कातडीला काय टोचतं ते सांगू शकत नाही. पुढच्या पट्टीची खालची कड विसरू नका. बसलेला माणूस उठताना बोटं तिथेच घालतो, आणि मुलं पाय हलवत बसतात तेव्हा पोटऱ्या तिथेच घासतात.

दुसरी तपासणी टोच्याची. पट्टी बिडाच्या पायावर टेकते ती जागा, स्क्रूभोवतीची जागा आणि पट्टीची टोकं इथे टोचा किंवा बारीक पेचकस रोवून थोडं उचकटा. लांब चिरफळी ताडकन निघाली तर लाकूड निरोगी आहे. आवाज न करता आखूड तुकडा पडला, किंवा टोचा सहज आत गेला, तर ते कुजलंय आणि ती पट्टी बदलायलाच हवी. अशी पट्टी घासून, लांबी (पुट्टी) भरून वर तेल लावणं म्हणजे फसवणूक आहे. एखादा वजनदार माणूस मागे रेलला की ती मोडते. कुजकी पट्टी सापडली तर त्याच दिवशी बाकाला दोरी बांधून तो बंद करा, दुरुस्ती पुढच्या आठवड्यात झाली तरी चालेल. बाकाखाली वाकून बघायलाही विसरू नका. मातीची बारीक नळी पायावर चढलेली दिसली तर वाळवी आहे. पिठासारखा भुसा पडत असेल तर पांढऱ्या लाकडात, म्हणजे गाभ्याभोवतीच्या फिकट थरात, किडा आहे. आणि पाठीमागच्या सांध्यात गांधीलमाश्यांचं पोळं असू शकतं, कुसळापेक्षा ते कितीतरी धोक्याचं.

काम फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये काढा. लाकूड तेव्हा सुकलेलं असतं. दिवाळीत वरून कोरडं वाटलं तरी पोटात पावसाळ्याचा ओलावा असतो. तुमचं वार्निश न टिकण्याचं हेही एक कारण.

पट्ट्या जागेवर ठेवून घासू नका, सोडवा. सोडवण्याआधी प्रत्येकीच्या खालच्या बाजूला बाक आणि पट्टीचा क्रमांक लिहा, नाहीतर परत बसवताना भोकं जुळत नाहीत. राहिलेला एखादा मोडका खिळा शोधून काढा, रंध्याचं पातं त्यानं एका क्षणात कामातून जातं. पट्ट्या हातात आल्यावर त्यांचं टोक बघा. वाढीच्या वलयांच्या कमानी दिसतील. कमान उताणी, म्हणजे वाटीसारखी दिसत असेल तर झाडाच्या गाभ्याकडची बाजू वर आलेली आहे. त्या बाजूनं वलयांचे पातळ थर पाकळीसारखे उचकटतात आणि मोठे ढलपे तिथूनच सुटतात. कमान पालथी दिसली तर सालीकडची बाजू वर आहे, आणि बसायला तीच हवी. तुमच्या काही पट्ट्या नक्कीच उलट्या लागलेल्या असणार, कारण घाईत हे कुणी पाहत नाही. अशा पट्ट्या फक्त उलटवल्या तरी अर्धं काम होतं. खालच्या बाजूनं ऊन पाहिलेलंच नसतं, ती बहुधा आजही तांबूस आणि गच्च असते.

पोपडे आधी खरवडून काढा. बागेत आणखी जुने, रंगवलेले बाक असतील तर त्यांच्या बाबतीत एक सावधगिरी: घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आपल्याकडे 2016 च्या नियमांनी आली आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या तैलरंगात शिसं असू शकतं. असा रंग कोरडा घासून त्याची धूळ उडवू नका. ओला करून खरवडा, खाली प्लास्टिक अंथरा, मास्क लावा आणि मुलांना त्या दिवशी बागेत येऊ देऊ नका. हिरवट झाक असलेलं पॅकिंगचं पाइन कुठे वापरलेलं असेल तर तेही घासू नका, त्यात तांबं-क्रोमियम-आर्सेनिकचं औषध मुरवलेलं असू शकतं.

मग रंधा. बरेच जण इथे थेट मशिननं पॉलिश पेपर फिरवतात. करड्या, सुटलेल्या लाकडावर पेपर तंतू ओरबाडतो आणि काही तंतू नुसतेच दाबून बसवतो. पहिल्या पावसात ते परत उभे राहतात. रंध्याचं पातं त्यांना मुळाशी कापतं. धार ताजी हवी, पातं अगदी कमी बाहेर हवं आणि रंधा लाकडाच्या रेषेबरोबर चालवायला हवा. चिलका अखंड, पातळ निघत असेल तर दिशा बरोबर आहे. तो तुटत, कचकचत निघाला तर तुम्ही उलट्या रेषेवर आहात, पट्टी फिरवून घ्या. तांबूस, ताजं लाकूड दिसलं की थांबा. पाऊण-एक मिलिमीटरच्या पुढे क्वचितच जावं लागतं. याच वेळी पांढऱ्या लाकडाचे पट्टे उघडे पडतील. सागाचा गाभा टिकाऊ असतो, त्याच्या भोवतीचं पांढरं लाकूड नसतं. ते कडेला थोडं असेल तर चालवून घ्या, अर्धी पट्टी पांढरी असेल तर बदला.

यानंतर कडा. कुसळ बहुतेक वेळा सपाटीवरून येत नाही, काटकोनी कडेवरून येतं. तिथे तंतूंना एका बाजूनं आधार नसतो, आणि तेलाचा थरही धारेवर पातळ बसतो. प्रत्येक कडेला तीन-चार मिलिमीटरची गोलाई द्या, गुडघ्याखालच्या पुढच्या कडेला दहाची. राउटर (कडा गोल करायचं सुतारी मशिन) असेल तर उत्तम, नसेल तर रंध्याचे चार हात आणि मग पेपर. एवढं एकच काम नीट केलं तरी तक्रारी निम्म्यावर येतील.

पॉलिश पेपर 80 नंबरचा, मग 120 चा, नेहमी रेषेबरोबर. त्याच्या पुढे जाऊ नका. 220 नं घासलेलं लाकूड हाताला छान लागतं, पण तेल नीट पीत नाही. आता एक युक्ती, जी जुने सुतार न चुकता करायचे: घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्यानं पट्टी पुसून घ्या आणि उन्हात सुकू द्या. जे तंतू पावसात उभे राहणार होते ते आत्ताच उभे राहतात. हात फिरवला की वाढलेल्या दाढीसारखं लागतं. वापरलेल्या, थोड्या बोथट 120 च्या पेपरनं ते हलक्या हातानं छाटा. पुन्हा एकदा ओलं करा, पुन्हा छाटा. दुसऱ्या खेपेला लव जवळजवळ येत नाही. हे सगळं करताना नाकातोंडावर मास्क हवाच. सागाच्या भुशानं अनेकांच्या अंगाला खाज सुटते, शिंका लागतात.

तेलाचं म्हणाल तर दोन रस्ते आहेत. पहिला, बाहेरच्या लाकडासाठीचं डेकिंग ऑइल, ज्यात बुरशीरोधक आणि थोडा तपकिरी रंगद्रव्याचा अंश असतो. रंगद्रव्य ऊन अडवतं, त्यामुळे बिनरंगी तेलापेक्षा ते जास्त टिकतं. माझी पसंती याला. दुसरा, उकळलेलं जवसाचं तेल. स्वस्त, सगळीकडे मिळणारं, पण दमट हवेत त्यावर काळी बुरशी चढते. सोलापूर, अहिल्यानगरच्या कोरड्या भागात ते चालतं, कोकणात किंवा महाबळेश्वरला, जिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथे मी ते सुचवणार नाही. तेल कोणतंही असो, पहिला हात टर्पेंटाइननं पातळ करून द्या, पंधरा-वीस मिनिटं मुरू द्या आणि वर राहिलेलं सगळं फडक्यानं पुसून काढा. पुसलं नाही तर ते चिकट राहतं आणि साड्या-धोतरांना लागतं. दुसऱ्या दिवशी दुसरा हात, तोही पुसून. पट्टीच्या दोन्ही टोकांना मात्र तीन-चार वेळा, पिईल तेवढं पाजा. लाकूड टोकातून कितीतरी पट वेगानं पाणी शोषतं, आणि कुजणं तिथूनच सुरू होतं.

इथे एक गोष्ट कळकळीनं सांगतो. जवसाच्या तेलात भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल सुकताना उष्णता सोडतं, आणि घडी किंवा ढीग असेल तर ती कोंडून फडकं आपोआप पेट घेतं. काम संपलं की फडकी मोकळ्या हवेत एकेरी पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा. संघाच्या खोलीत, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याशेजारी तर चुकूनही नको.

अजिबात तेल न लावणं हाही मार्ग आहे. सागाचा गाभा तसाच ठेवला तर तो रुपेरी करडा होतो आणि टिकतो. दर वर्षी उठलेले तंतू छाटावे लागतात इतकंच. माणसं मिळत असतील आणि पैसे नसतील तर हा पर्याय जरूर विचारात घ्या.

परत बसवताना खिळे वापरू नका. लाकडाच्या फुगण्या-आक्रसण्यानं खिळा दर वर्षी थोडा वर येतो, आणि वर आलेलं डोकं कपडे फाडतं, कातडी कापतं. साध्या लोखंडाचा सागातल्या द्रव्यांशी संबंध आला की काळे डाग पडतात, गंज फुगून पट्टी चिरते. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घ्या, घाटावर 304 प्रतीचे चालतील, समुद्राजवळ 316 प्रतीचे. शक्य असेल तर ते खालून, बिडाच्या पायातून वर घ्या, म्हणजे बसायच्या बाजूला काहीच राहत नाही. वरून घ्यावे लागले तर आधी ड्रिलनं भोक पाडा आणि डोकं सपाटीच्या किंचितच खाली बसेल एवढा खड्डा करा. खोल खड्ड्यात पाणी साठतं.

दोन पट्ट्यांत सात-आठ मिलिमीटरची फट ठेवा. मेमध्ये पट्ट्या एकमेकींना चिकटवून बसवल्या तर जुलैत त्या फुगून एकमेकींना रेटतात, आणि फटीत अडकलेली पानं, शेंगदाण्याची टरफलं ओलावा धरून ठेवतात. फार मोठी फटही नको, लहान मुलाचं बोट अडकतं. बसायची बाजू मागे किंचित उतरती हवी. लाकडाचा कुठलाही भाग मातीला किंवा फरशीला टेकू देऊ नका. आणि झाडांना पाणी घालणारा फवारा बाकावर येत असेल तर त्याचं तोंड आजच फिरवा. उन्हाळ्यात रोज सकाळी भिजून दुपारी करपणारा बाक पावसाळ्यातल्या बाकापेक्षा लवकर फाटतो. मी पाहिलेल्या सर्वांत वाईट पट्ट्या फवाऱ्याखालच्याच होत्या.

पुढची देखभाल फार नाही. दसऱ्याच्या सुमारास, पाऊस गेल्यावर, कापूस आणि टोचा घेऊन एक फेरी, सैल नटबोल्ट आवळणं, उठलेली जागा 120 नं छाटणं. फेब्रुवारी-मार्चमध्ये धुणं आणि तेलाचा एकच पातळ हात. त्यासाठी रंधा पुन्हा लागत नाही. धुताना सौम्य साबण आणि मऊ ब्रश, रेषेबरोबर. गाड्या धुण्याचा जोरदार पाण्याचा पंप लावू नका. त्यानं बाक नवा दिसतो खरा, पण मऊ भाग खणून निघतो आणि तंतूंचं रान माजतं. तारेची घासणीही नको, तिचे कण लाकडात अडकून गंजतात आणि पट्टीभर काळे ठिपके उठतात. लोखंडाचे जुने काळे डाग ऑक्झॅलिक ॲसिडच्या पातळ पाण्यानं जातात. ते विषारी आहे, हातमोजे घाला आणि नंतर भरपूर पाण्यानं धुवा.

तुमच्या संघातल्या कुणीतरी काजूच्या टरफलाचं तेल सुचवलंय. कोकणात होड्यांना, वाशांना ते लावतात आणि वाळवीवर ते उत्तम आहे. पण ते कातडी भाजतं. पुरतं सुकल्याची खात्री झाल्याशिवाय त्याला अंग लागता कामा नये. वाशाला कुणी टेकून बसत नाही, बाकाला बसतं. इथे नको.

बदलायच्या पट्ट्यांसाठी जुन्या वाड्यांचं उतरवलेलं सागवान मिळालं तर सोनंच. त्यात खिळे असतात, पण लाकूड मुरलेलं असतं. नवं घेत असाल तर वखारीत टोकं बघून, पांढरं लाकूड टाळून घ्या. आंबा किंवा पाइन स्वस्त पडतं म्हणून घेऊ नका, बाहेर ती दोन-चार पावसाळ्यांत कुजतात.

सगळे बाक एकदम उघडू नका. सर्वांत जास्त ऊन आणि पाऊस खाणारा एक बाक निवडा, येत्या फेब्रुवारीत त्यावर हे सगळं करा आणि शेजारच्या बाकाला नेहमीप्रमाणे वार्निश मारा. सप्टेंबरात दोन्हीवर कापसाचा बोळा फिरवून सिमेंटवाल्या मंडळींना दाखवा. एका बाकाचा खर्च आणि मजुरी तोवर हातात आलेली असेल, बाकीच्यांचा अंदाज त्यावरून नगरपरिषदेला देता येईल.